खंडेनवमीच्या पाटावरून उठवलेली ढाल

मी ढाल बोलतेय. संग्रहालयाच्या भिंतीवर टांगलेली, पितळी फुलांची, शाळेच्या पोरांना रांगेनं दाखवतात ती मी नव्हे. मी प्लास्टिकची. उभट, शिपायाच्या नडगीपासून डोक्यापर्यंत पुरणारी, काचेसारखी आरपार. धरणारा समोरच्याकडे बघतो, समोरचा धरणाऱ्याकडे बघतो. मी मध्ये. मला दोघांकडेही बघावं लागतं, डोळे मिटायची सोय मला कुणी ठेवली नाही.

मराठी कुठून आली म्हणाल, तर सुरेखाकडून. ऑकलंडमधल्या अवोन्डेलला तिचं घर आहे, तिथं मी दीड वर्ष काढलं. बाई चौथी शिकलेली. मागच्या अंगणात मेथी-कोथिंबीर लावते आणि रविवारच्या बाजारात जुड्या विकते. "ताजी आहे का?" असं कुणी विचारलं तर "नाही, गेल्या वर्षीची आहे," असं तोंडावर सांगते. तिच्याजवळ राहून माझी जीभही तशीच झाली. कुणाला टोचलं तर टोचू दे.

माझा जन्म कारखान्यात झाला. तापवून मऊ केलेला पत्रा साच्यावर टाकला, वरून दाबला, कडा कापल्या, मागे दोन पट्टे आणि एक मूठ बसवली. झालं. मग एका माणसानं मला भिंतीला टेकवलं आणि दांडक्यानं बडवबडव बडवलं. तडा गेला नाही म्हणून शाबासकी. माणसाच्या पोराला जन्मल्याबरोबर पाठीवर एक चापट मारतात, मला शंभर मारल्या.

तिथून पेटीत बसून मी एका छावणीत आले. तिथं खोट्या दंगलीची तालीम चाले. अर्धे शिपाई ढाली घेऊन रांगेत उभे राहायचे, अर्धे साधे कपडे घालून आंदोलक बनायचे. आंदोलक बनलेले जास्त खूश. बटाटे फेकायचे, शिव्या द्यायचे, जमिनीवर लोळायचे. संध्याकाळी सगळे मिळून बीअर प्यायचे. मला वाटलं, जगात दंगल म्हणजे हे असंच असतं. बटाटे आणि बीअर.

तिथंच मला हरीश मिळाला. सुरेखाचा एकुलता एक मुलगा, वय वीस-बावीस. आईबापांबरोबर लहानपणी इथं आला, इथंच वाढला. आई मराठीत बोलली की इंग्रजीत उत्तर द्यायचा. पलटणीत त्याला 'हॅरी' म्हणत. हसरा होता. माझ्या पट्ट्यात हात घालताना दरवेळी "ओके, मॅडम" म्हणायचा. मला आवडायचं, कशाला खोटं बोलू.

मग आम्हाला बेटावर नेलं. दोन हजार सहा साल होतं. बेटाचं नाव मी घेणार नाही, फौज आणखी कुणाकुणाची होती तेही सांगणार नाही. नाव सांगितलं की माणसं नकाशा उघडून बसतात आणि तिथली बाई विसरतात. मला ती बाईच सांगायची आहे.

बेटावर आधी कसलीशी मारामारी झाली होती, ती थांबवायला फौज आली. तीन महिने राहू म्हणाली. आम्ही पोचलो तेव्हा दुसरं वर्ष लागलं होतं. मारामारी कधीच थांबली होती, फौज थांबली नव्हती. पुलावर नाका, गावात संध्याकाळनंतर संचारबंदी, पोरगं समुद्रावर परसाकडे निघालं तरी त्याच्यावर बंदूक रोखायची. आणि गावाच्या मधोमध बाजाराचं मैदान होतं, त्यावर फौजेनं आपले ट्रक उभे केले. सपाट जागा दुसरी नव्हती म्हणे. बायकांनी बाजार कुठं भरवायचा, ते कुणी विचारलं नाही.

बायका रस्त्यावर बसल्या. मैदानाच्या फाटकासमोर, टोपल्या पुढ्यात घेऊन. कंद, केळी, मासे, सुपारी. विकायला नव्हे, नुसत्याच. रोज सकाळी यायच्या, संचारबंदीच्या आधी उठायच्या. मध्येच देवाची गाणी म्हणायच्या. आणि आम्ही त्यांच्यासमोर ढाली घेऊन उभे.

माझ्या अगदी समोर बसायची ती म्हातारी होती. सगळे शिपाई तिला आंटी म्हणायचे. दिवसभर सुपारी, पान आणि चुना चघळायची. ओठ लाल, दात काळे, नजर सुईसारखी. पहिल्याच दिवशी तिनं सोललेली सुपारी हरीशपुढे धरली.

"खा. तोंड भरलेलं असलं की ऑर्डरी देता येत नाहीत."

हरीश हसला. "ड्यूटीवर आहे, आंटी."

"कुठला तू?"

"न्यूझीलंड."

"ते बाहीवर लिहिलंय. त्याच्या आधीचा कुठला?"

"इंडिया."

"तिथं पान खातात, मला माहीत आहे. मग दात असे कोरे कसे? तुला आई नाही का रे?"

बाजूच्या बायका खदखदल्या. हरीशही हसला, पण कान लाल झाले त्याचे. मी मध्येच होते, मला दोन्ही दिसलं.

असे बरेच दिवस गेले. बायका हटेनात, ट्रक हलेनात. मग वरून हुकूम आला की ट्रक बाहेर काढायचेत, रस्ता मोकळा करा. ट्रक दुसऱ्या फाटकानंही निघाले असते. पण कोणाचं चालतं ते एकदा दाखवायचं होतं ना.

त्या सकाळी बायकांनी हातात हात गुंफले. म्हातारी मधोमध. गाणं चालू. बायकांच्या मागे गावातली तरणी पोरं जमली होती, त्यांनी दगड मारले. एक माझ्या कोपऱ्यावर बसला आणि मला पहिला तडा गेला. इकडे शिपायांची डोकी फिरली. दगड मारणारे मागे होते, पण आमच्या पुढ्यात होत्या त्या बायका. राग निघतो तो पुढ्यात असेल त्याच्यावर. तालमीत हे शिकवलं नव्हतं.

हुकूम सुटला. ढाल पुढे, पाऊल पुढे, दांडका ढालीवर, पुन्हा पाऊल. धाड, धाड. म्हातारी उठली. पळाली नाही. सरळ माझ्याजवळ आली, इतकी जवळ की तिचं नाक मला टेकलं. हरीशच्या डोळ्यांत बघून ती काहीतरी बोलली, गोंगाटात ऐकू नाही आलं. आणि तोंडातली सगळी पिंक तिनं माझ्यावर थुंकली. बरोबर हरीशच्या तोंडासमोर.

लाल झाले मी. आरपार दिसेना. हरीशला पुढचं काही दिसत नव्हतं. थांबला असता तर रांग तुटली असती. मागून सार्जंट ओरडला, "पुश!" हरीशनं खांदा लावला आणि रेटलं. माझी खालची कड तिच्या गुडघ्यावर गेली. आवाज झाला. वाळलेली फांदी मोडते ना, तसा नाही. ओल्या फांदीचा. ती खाली गेली. तिच्यावरून रांग पुढे गेली. हरीश मान वळवणार, तोच सार्जंट पुन्हा ओरडला, "डोळे पुढे!" त्यानं डोळे पुढे केले.

रस्ता मोकळा झाला. टोपल्या तुडवल्या, केळ्यांचा चिखल झाला. ट्रक निघाले. संध्याकाळी रेडिओवर सांगितलं, किरकोळ झटापट, परिस्थिती नियंत्रणात. किरकोळ! ज्याचा गुडघा त्याला विचारा.

हरीशनं मला नळीच्या पाण्यानं धुतलं. पाठमोरा होऊन, न बघता. लाल निघालं, पण तड्यात शिरलेलं राहिलं. पुढच्या दिवसांत बायका परत येऊन बसल्या. म्हातारीची जागा मोकळी ठेवून बसल्या. कुणी तिथं टोपलीसुद्धा ठेवायचं नाही. हरीशनं कुणालाही विचारलं नाही की ती कुठे आहे. आणि मला 'ओके, मॅडम' म्हणणंही थांबलं.

बेटावरची पाळी संपून आम्ही परत आलो. तडा गेलेली ढाल फौजेला चालत नाही. मोडीत टाकणार होते, हरीशनं मागून घेतली. का, ते त्याला विचारा. मला वाटतं, त्यालाही सांगता येणार नाही.

घरी आल्यावर सर्वांत जास्त आनंद त्याच्या बापाला झाला. सुधाकर वेल्डर आहे. पिंपरीला कारखान्यात होता, इथं एका वर्कशॉपमध्ये फाटकं आणि जिने बनवतो. मवाळ माणूस, पण पोरगा शिपाई झाल्यापासून त्याची छाती दोन इंच पुढे आली होती. त्यानं मला गॅरेजच्या भिंतीवर टांगलं. जो येईल त्याला दाखवायचा. "ही आमच्या हरीशची. दगड खाल्लाय हिनं, बघा कोपरा." लोक कोपऱ्याला हात लावून "वा वा" म्हणायचे. तड्यातला लाल कुणाला दिसला नाही. दिसला तरी रंग वाटला असेल.

सुरेखाला मात्र भिंतीवर टांगलेली वस्तू बघवत नाही. "खिळ्याला लटकून कुणाचं पोट भरतं का?" म्हणत तिनं मला उतरवलं. जानेवारीचं कडक ऊन होतं. मला अंगणात आडवी टाकून, वर धुतलेलं कापड पसरून तिनं कुरडया घातल्या. साळुंक्या हाकलत शेजारी बसली. थंडीत दव पडायला लागलं तेव्हा विटांवर आडवी ठेवून मेथीवर झाकण केलं. माझ्याखाली मेथी अशी तरारली की बाजारात मृदुला विचारायला लागली, "सुरेखाताई, खत कोणतं घालता?" मृदुला म्हणजे शेजारच्या गल्लीतली, तिचा नवरा रवींद्र कॉम्प्युटरमध्ये.

हरीशनं सुट्टीवर येऊन हे पाहिलं आणि ओरडला, "आई! दॅट्स आर्मी प्रॉपर्टी!"

"मग आर्मीला कळव, मेथी गारठली नाही म्हणून," सुरेखा म्हणाली.

तो हसला नाही. पूर्वीचा हरीश हसला असता. आईनं ते टिपलं. माझ्या आयुष्यातले तेवढेच महिने बरे गेले. माझ्यावर कुणी चाल करत नव्हतं, मी कुणावर चाल करत नव्हते, आणि खालून पालेभाजी वाढत होती.

सप्टेंबर संपता संपता हरीशनं सांगितलं की त्याला पुन्हा जायचंय. त्याच बेटावर. दसरा झाला की चार दिवसांनी निघायचं.

सुधाकरला स्फुरण चढलं. "दसऱ्याला सीमोल्लंघन! काय योग आहे! यंदा खंडेनवमीला हरीशची ढाल पाटावर ठेवू. रवींद्र-मृदुलाला जेवायला बोलवू."

खंडेनवमीला तुमच्याकडे शस्त्रं आणि हत्यारं पुजतात, हे मी त्या घरात शिकले. आदल्या दिवशी सगळं घासूनपुसून ठेवायचं. नवमीला पाटावर मांडून हळदकुंकू, झेंडूचं फूल वाहायचं. एकदा पाटावर बसलेलं हत्यार दसरा उजाडेपर्यंत हलवायचं नाही, त्यालाही विश्रांती. आणि सुरेखाच्या माहेरी एक जादा रीत होती, ती तिनं समुद्र ओलांडून जशीच्या तशी आणली होती. हळदीचं बोट लागण्याआधी, ज्याचं हत्यार त्यानं मोठ्यानं सांगायचं, वर्षभरात यानं काय काम केलं. सांगितल्याशिवाय हळद नाही. तिचे वडील गवंडी होते. 'थापीनं पाटलाची भिंत बांधली, देवळाचा ओटा बांधला, आणि एकदा चुकून वाकडा कोनाडा केला,' असं चुकीसकट सांगायचे.

आदल्या दिवशी सुरेखानं मला अंगणात घेतलं. साबण, काथ्या, गरम पाणी. मातीचा चिकटा निघाला, मेथीचं हिरवं निघालं. कोपऱ्यातल्या तड्यापाशी तिचा हात थांबला. नखानं खरवडलं. नख नाकाजवळ नेलं. ती स्वतः पान खाते, पापाटोएटोच्या भारतीय दुकानातून पानं आणते. तिनं इकडेतिकडे बघितलं आणि थोडं ओलं करून कापडावर टिपलं. विटकरी लाल डाग उठला. असे डाग तिच्या पदरावर जन्मभर पडलेत.

मला पुसून कोरडी केली. आणि हरीशच्या खोलीच्या बंद दाराकडे बघत बराच वेळ बसली.

नवमीला दिवाणखान्यात पाट मांडला. सुधाकरचा वेल्डिंगचा मुखवटा आणि हातोडा, सुरेखाचा विळा आणि तराजू, आणि मागे भिंतीला टेकवून मी. हरीश गणवेश घालून बसला होता, बापाच्या हट्टापायी. मृदुलानं फोटो काढला.

सुधाकरनं सुरुवात केली. "या हातोड्यानं यंदा गुरुद्वाराचं फाटक झालं, एका म्हातारीच्या जिन्याचा कठडा झाला. आणि एक खिडकी उलटी बसवली."

"बापरे, कुणाची?" रवींद्रनं विचारलं.

"तुमचीच की, बाथरूमची," सुधाकर म्हणाला, आणि सगळे हसले.

सुरेखानं विळ्याला हळद लावली. "यानं मेथी कापली, कोथिंबीर कापली. माझं बोट कापलं एकदा. तराजूनं कुणाला कमी दिलं नाही." मग तिनं बोट हळदीत बुडवलं आणि माझ्यासमोर येऊन थांबली. "हरीश. तू सांग. हिनं काय काम केलं?"

"आई, कमॉन."

"रीत आहे. सांग."

"शी केप्ट द पीस," हरीश म्हणाला.

"मराठीत."

"शांतता ठेवली. लोकांना... सेफ ठेवलं."

"कुठल्या लोकांना?"

रवींद्र मध्ये पडला. "वहिनी, ड्यूटी असते हो. तिथं काय-काय झालं ते त्यांना सांगताही येत नसतं."

"तुमच्या खिडकीचं सांगितलं ना यांनी? मग याला काय झालं?" सुरेखानं मान वळवली नाही. "हरीश, तड्यात पानाची पिंक आहे. पावसानं नाही पडत ती. ढालीवर थुंकायला माणसाला ढालीच्या जवळ यावं लागतं. कोण आलं होतं?"

हरीशनं माझ्याकडे बघितलं. बेटावरून आल्यापासून पहिल्यांदा असं सरळ.

"लीव्ह इट, आई."

"पुरुष होता?"

त्यानं मानेनंच नाही म्हटलं.

"बाई होती," सुरेखाच म्हणाली. "म्हातारी?"

तेव्हा तो बोलायला लागला. अर्धं मराठी, अर्धं इंग्रजी, नजर जमिनीवर. बाजाराचं मैदान, ट्रक, टोपल्या, गाणं. दगड मारले पोरांनी, आंटीनं नाही मारले. पिंक पडल्यावर दिसत नव्हतं. पुश म्हणाले, पुश केलं. कड तिच्या गुडघ्यावर बसली. आवाज ऐकू आला. वळून बघितलं नाही.

"ती उठली का?"

"आय डोन्ट नो."

"कुणाला विचारलंस?"

"नाही."

"का?"

"विचारलं असतं तर..." हरीशनं गणवेशाचं बटण चाचपलं. मग म्हणाला, "ती मला विचारत होती, तुला आई नाही का म्हणून."

सुरेखाचा चेहरा मी त्या एका वाक्यावर बदललेला पाहिला. तोवर ती चौकशी करत होती. आता तिनं हळदीचं बोट स्वतःच्या पदराला खसकन पुसलं. "माझ्या बाजाराची जागा उद्या कुणी घेतली आणि मी तिथं बसले, तर अशीच ढाल माझ्या गुडघ्यावर येईल. धरणारा कुणाचा तरी हरीशच असेल." असं म्हणून तिनं मला दोन्ही कडांना धरून पाटावरून उचललं.

"सुरेखा!" सुधाकर उभाच राहिला. "पूजेला बसलेलं हत्यार हलवत नाहीत! पोरगा निघालाय लढाईला, अपशकुन करतेस?"

"लढाई? समोर केळी होती, सुधाकर! केळी आणि कंद! विळ्यानं बोट कापलं तर ते सांगितल्यावर हळद लागली. यानं बाईचा पाय मोडला आणि सांगत नव्हता. असल्या वस्तूला माझ्या घरात फूल नाही."

"मॅटर कॉम्प्लिकेटेड असतं वहिनी," रवींद्र पुटपुटला.

"गुडघा कॉम्प्लिकेटेड नसतो," सुरेखा म्हणाली. "मोडतो."

मला तिनं मागच्या दारानं अंगणात नेऊन कुंपणाला टेकवलं. पालथी. जेवणं कशीबशी उरकली. दसऱ्याला सुधाकरनं झाडाची चार पानं सोनं म्हणून वाटली, ती सुरेखानं घेतली नाहीत. दोघांत बोलणं बंद.

आता प्रश्न एकच होता. हरीश जाणार का, आणि गेला तर पुन्हा रेटणार का. तो गेला. करारावर सही केली होती, नाही म्हणायची धमक नव्हती. निघायच्या दिवशी सुधाकरनं औक्षणाचं ताट तयार ठेवलं होतं. सुरेखानं निरांजन लावलं नाही. मी कुंपणापाशी होते, दाराशी मायलेक उभे होते.

"आई, ब्लेस तरी कर."

"पुढ्यात बाई असेल तर ढाल घेऊन पुढे जायचं नाही. एवढं जमलं तर परत ये. नाही जमलं तरी ये, घर तुझंच आहे. पण मग माझ्या हातचा टिळा मागू नकोस."

असं कुठली आई बोलते का, असं तुम्हाला वाटलं असेल. मलाही वाटलं. पण मी तो गुडघा पाहिलाय, तुम्ही नाही.

महिन्याभरात तो परतला. पळून नाही, पाठवला गेला म्हणून. बायका अजून तिथंच बसत होत्या, ट्रक परत त्याच मैदानावर. एका सकाळी पुन्हा तोच हुकूम सुटला. हरीशनं आपली नवी ढाल हातातून काढून रस्त्यावर ठेवली आणि रांगेतून बाहेर येऊन उभा राहिला. सार्जंटनं शिव्या दिल्या, सोबत्यांनी दिल्या. रांग त्याच्याशिवाय पुढे गेली, बायका तरीही रेटल्या गेल्या. त्याच्या ढाल ठेवण्यानं बेटावर काडीचाही फरक पडला नाही. त्याला कोंडलं, मग चौकशी, मग फौजेतून काढलं. हे सगळं त्यानं आईला मेथीच्या वाफ्यात बसून सांगितलं. मी चार हातांवर होते, शब्द न् शब्द ऐकला.

"आणि ती? भेटलास?" सुरेखानं विचारलं.

"कोंडायच्या आधी गेलो होतो. घर सापडलं. तिच्या मुलीनं दार उघडलं. आंटी आत बसलेली दिसली, पाय लांब करून. वाकत नाही तो आता. मी कोण ते सांगितलं."

"मग?"

"ती मुलीला म्हणाली, दार लाव."

सुरेखानं जुडी बांधता बांधता मान हलवली. "बरं केलं तिनं. मी असते तर मीही लावलं असतं."

हरीश ढसढसा रडला. ती त्याला जवळ घेऊन बसली नाही. पण उठूनही गेली नाही. खुरपं त्याच्या हातात दिलं आणि म्हणाली, "त्या कडेचं गवत काढ."

सुधाकरनं मात्र पोराशी बोलणं टाकलं. मराठी मंडळात लोक विचारायचे, हरीश परत कसा आला, तर तो म्हणायचा, "पाळी संपली." हरीश त्याच्याच वर्कशॉपमध्ये कामाला लागला. बाप शेजारी काम करतो, हातोडा हवा असेल तर बोटानं दाखवतो. तोंडानं नाही. सहा महिने झाले.

आता माझं. पूजेतून उठवल्यापासून सुरेखानं मला मेथीवर घातलं नाही. कुरडयाही नाहीत. घरात ठेवायची नाही आणि वापरायची नाही, असं ठरलं तिचं. या आठवड्यात कौन्सिलची मोठ्या कचऱ्याची गाडी येणार होती. तुटकी कपाटं, गाद्या, लोक घराबाहेरच्या गवतावर आणून टाकतात. सुरेखानं मलाही तिथं नेऊन टाकलं, एका फाटक्या सोफ्याच्या शेजारी.

आज शनिवार, सकाळी एक व्हॅन थांबली. असल्या ढिगातून कामाचं उचलायला माणसं फिरतात. टक्कल असलेला, जाडजूड, पायात जांडल, म्हणजे रबरी सपाता. त्यानं मला उचललं, डोळ्यांसमोर धरलं आणि मुठीत हात घालून एक पाऊल पुढे टाकलं. हुबेहूब तालमीसारखं. "चॉइस! भारीय. गॅरेजमधल्या बारवर लावतो."

सुरेखा आतून धावत आली, हात पिठाचे. "नो! नॉट टेक!"

"इट्स रबिश, लव्ह. फ्री आहे ना?"

"रबिश, येस. यू, नो!"

तो हसला. तिनं माझी दुसरी कड धरली. भर रस्त्यात ओढाओढ, तो मागे खेचतोय, ती पुढे. आरडाओरडा ऐकून हरीश आला, त्याच्या मागून सुधाकर. त्या माणसानं हरीशचा चेहरा बघितला आणि मला सोडून दिलं. "क्रेझी लॉट," म्हणत गेला.

सुरेखा धापा टाकत होती. "भिंतीवर लावणार होता. दारू पीत बघणार होता. गाडीत टाकली तरी कुणीतरी अशीच उचलेल. सुधाकर, काप हिला."

सुधाकर उभाच. हीच ढाल त्यानं खिळा ठोकून टांगली होती, येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवली होती. त्यानं मला वर-खाली बघितलं. तड्यावरून अंगठा फिरवला, आणि अंगठा तिथंच ठेवून थांबला. मला वाटलं, आत जाईल निघून. तो आत गेलाच. आला तेव्हा हातात ग्राइंडर होता. मग स्वतःशीच नाही म्हणाला. "ग्राइंडरनं वितळेल, धूर होईल. करवत लागेल." परत गेला, करवत घेऊन आला.

मला अंगणात दोन विटांवर आडवी ठेवलीय. माझ्यासाठी कुणी हळहळू नका, मी लागत नाही तुमची कुणी. हळहळ त्या दार लावून बसलेल्या बाईसाठी ठेवा, आणि तिला ती नको असेल तर गप्प राहा. आणि माझी दुसरी कुणी बहीण कुठल्या बारमध्ये, कुणाच्या भिंतीवर दिसली, तर हात लावून वा वा करू नका. एवढंच मागणं आहे.

करवत लावली, पण मी हलायला लागले. हलत्या वस्तूवर करवत चालत नाही. सुधाकरनं मान वर केली. सहा महिन्यांत पहिल्यांदा त्यानं पोराला तोंडानं काहीतरी सांगितलं.

"धर."

हरीश खाली बसला. एक गुडघा माझ्यावर रोवला, दोन्ही हातांनी कडा दाबल्या.

"घट्ट धर रे. सरकतेय."

करवत चाललीय. दुखतं का म्हणाल, तर दुखतंय. दुखू दे. थांबवू नका त्यांना.